पाच मिनिटांत तीन आकडे. मग खरं बीपी कोणतं?

प्रश्न : माझं वय ५९. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांकडे बीपी १६२/८६ निघालं, आठवड्याने पुन्हा १५८/८४. त्यांनी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, सकाळी एक, अशी गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत आकडे खाली आले. पण घोट्यांवर सूज यायला लागली, म्हणून दहा दिवसांपूर्वी गोळी मीच बंद केली. आता घरच्या मशीनवर मोजते तर दर वेळी वेगळंच येतं. काल संध्याकाळी पाच मिनिटांत १५८/८४, १४९/८२ आणि १४१/८० असे तीन आकडे आले. मशीन दंडाला बांधायचं आहे, पट्टा मला जेमतेम पुरतो. त्याच मशीनवर आमच्या ह्यांचं मात्र रोज १२६/७८ च्या आसपास येतं. माझं खालचं बीपी नॉर्मल आहे, वरचंच वाढलेलं दिसतं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, जिना चढताना दम लागत नाही. मग हे खरंच बीपी आहे का? ओळखीतले म्हणतात, रक्त जाड झालं असेल, रक्त पातळ करायची गोळी घे. नक्की कोणता आकडा खरा मानू आणि गोळीचं काय करू?

उत्तर : ताई, आधी गोळीचं, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. आजच डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी सांगा : गोळी दहा दिवसांपासून बंद आहे आणि बंद करण्याचं कारण सूज हे आहे. अम्लोडिपिन शरीरात रेंगाळणारं औषध आहे. शेवटची गोळी घेतल्यावर त्याचा असर आठवडाभरात हळूहळू ओसरतो. म्हणजे आता तुम्हाला मशीनवर दिसतंय ते औषधाशिवायचं बीपी आहे. तीच गोळी पुन्हा घ्यायची, डोस बदलायचा की दुसरं औषध जोडायचं, हे त्यांना ठरवू द्या. सुजेवर उपाय आहे, त्याकडे पुढे येतोच.

आता आकड्यांचं. कालचे तिन्ही आकडे त्या त्या क्षणापुरते खरेच असू शकतात. वजन किंवा उंची जशी दिवसभर जागच्या जागी राहते, तसं बीपी राहत नाही. ते ठोक्यागणिक बदलतं आणि बदलायलाच हवं. कसं ते एकदा नीट समजलं की मशीनचा धाक उरत नाही.

हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा सेकंदाच्या साधारण एक तृतीयांश वेळात सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीत, ढकलतो. महाधमनी ही काही लोखंडी पाइप नाही. तिच्या भिंतीत ताणले जाणारे तंतू असतात, त्यामुळे आत आलेल्या रक्ताने ती फुगते. या क्षणी धमन्यांत जो सर्वांत जास्त दाब होतो, तो तुमचा वरचा आकडा. मग झडप मिटते, हृदय सैल पडून पुन्हा भरू लागतं. या काळात पंप बंद असतो, तरी रक्त थांबत नाही. ताणलेली महाधमनी मूळ आकाराला परत येताना रक्त पुढे रेटत राहते. पुढचा ठोका पडण्याच्या अगदी आधी दाब उतरून जिथे पोचतो, तो खालचा आकडा. मिनिटाला ७० ठोके धरले तर हे दिवसात सुमारे एक लाख वेळा घडतं. मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे जातं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं हलकेच टेकवून बघा. बोटांखाली जो ठोका उठतो तो हृदयातून आत्ता निघालेल्या रक्ताचा नव्हे. ते रक्त अजून छातीतच आहे. तुम्हाला लागते ती धमनीच्या भिंतीतून धावत आलेली दाबाची लाट. ती सेकंदाला ५ ते १० मीटर वेगाने येते. रक्त तिच्या मागून बरंच सावकाश येतं आणि केशवाहिन्यांत, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत, पोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी झालेला असतो. ही लाट लक्षात ठेवा, तुमच्या ‘वरचंच वाढलंय’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

दाब किती राहणार हे दोन गोष्टींवर ठरतं : हृदय किती रक्त ढकलतं आणि पुढे वाट किती अरुंद आहे. ही वाट ठरवतात त्या मोठ्या धमन्या नव्हेत. केशवाहिन्यांच्या अलीकडे बारीक धमन्या असतात, त्यांना धमनिका म्हणतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो नळाच्या चावीसारखा आवळतो किंवा सैल होतो. इथला हिशेब मोठा चमत्कारिक आहे. नळीची त्रिज्या १० टक्क्यांनी कमी झाली तर रक्ताला होणारा अडथळा १० टक्क्यांनी वाढत नाही, तो ५० टक्क्यांहून थोडा जास्तच वाढतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळापट. म्हणून धमनिका जराशा आवळल्या तरी बीपी चढतं आणि जराशा सैल पडल्या तरी उतरतं. बीपीची बरीचशी औषधं याच चावीवर काम करतात, तुमचं अम्लोडिपिनसुद्धा.

ही चावी सतत फिरवली जाते. मानेतल्या धमनीत, जबड्याच्या कोनाखाली, आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे चेतातंतूंचे शेवट असतात. तुम्ही बसलेल्या उठता तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. दाब घसरला हे या चेतातंतूंना पुढच्या एकदोन ठोक्यांत कळतं, मेंदू हृदयाची गती वाढवतो, धमनिका आवळतो आणि दाब सावरतो. बोलणं, घाई, थंडी, भरलेलं मूत्राशय, ‘आता किती येतंय’ ही धास्ती, साधा श्वास, या सगळ्यांनी हा तराजू हलतो. बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं तेव्हाही हेच दिसलं होतं. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशक-संशोधकाने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं आणि तिथेही स्थिर न राहता प्रत्येक ठोक्याबरोबर काही इंच वरखाली होत राहिलं. ही नोंद १७३३ साली छापली गेली.

तेव्हा १५८, मग १४९, मग १४१ ही उतरण ओळखीची आहे. पट्टा पहिल्यांदा दंड आवळतो तेव्हा शरीर थोडं दचकतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सरावतं. पहिला आकडा जास्त येणं हा मशीनचा दोष नाही. आणि तिसरा आकडा सर्वांत कमी, म्हणून तोच खरा, असंही नाही. आवडता आकडा निवडायचा नसतो, सरासरी काढायची असते.

पण सरासरीच्या आधी तुमच्या पट्ट्याबद्दल बोलायलाच हवं. ‘जेमतेम पुरतो’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती कदाचित तीच आहे. घरचं मशीन रक्ताचा दाब थेट मोजत नाही. पट्टा फुगून धमनी बंद करतो, मग हळूहळू हवा सोडताना धमनीच्या धडधडीने पट्ट्यातल्या हवेत उठणारी बारीक थरथर मशीन टिपतं. थरथर सर्वांत मोठी होते तिथे सरासरी दाब असतो. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून गणिताने काढतं. आता पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या मानाने आखूड असेल तर तिचा दाब दंडाच्या आत धमनीपर्यंत पुरता पोचत नाही. धमनी बंद करायला मशीनला जास्त हवा भरावी लागते आणि ते तेवढा जास्त आकडा दाखवतं. पट्टा एक साइज लहान असेल तर वरचा आकडा साधारण ५ ने फुगतो, फारच लहान असेल तर २० पर्यंत. तुमच्या ह्यांचा दंड बारीक असेल तर त्यांना तोच पट्टा बरोबर बसतो आणि त्यांचे आकडे बरोबर येतात. एकाच मशीनने एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक दाखवावं ते असं.

शिवणाची टेप घ्या. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर त्याची मर्यादा छापलेली असते, बहुतेक नेहमीच्या पट्ट्यांवर २२ ते ३२ सेंटिमीटर. तुमचा घेर ३३-३४ निघाला तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा मोठा पट्टा मागवा. दुसऱ्या मशीनचा पट्टा जोडू नका, कारण आतलं गणित त्या त्या पट्ट्यासाठी बसवलेलं असतं. डॉक्टरांकडे तुमचं बीपी कोणत्या पट्ट्याने मोजलं होतं तेही निःसंकोच विचारा. मात्र एक सांगते, पट्ट्याने ५-१० चा फरक पडला असं धरलं तरी १६२ आणि १५८ मधून तेवढे वजा करून तुम्ही निश्चिंत होत नाही.

मोजायची पद्धत आता नीट बसवून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही वर सरकवली आणि ती दंडाला आवळून बसली तरी आकडा बिघडतो, त्यापेक्षा हात बाहीतून काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून २-३ सेंटिमीटर वर, नळी आतल्या बाजूला, आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज शिरतील इतपत घट्ट. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हे उगाच नाही : पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिळतं आणि आकडा जवळजवळ ८ ने वाढतो, वर असेल तर तेवढाच कमी होतो. मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्यांचं बीपी हमखास जास्त येतं ते यामुळे. असं बसल्यावर पाच मिनिटं काहीही करायचं नाही. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा १० ने चढू शकतो.

मग बटण दाबा, आकडा लिहा, एक मिनिट थांबून पुन्हा मोजा, तोही लिहा. सकाळी गोळीच्या आणि नाश्त्याच्या आधी दोन वेळा, रात्री झोपण्यापूर्वी दोन वेळा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या, तो सरावाचा दिवस. उरले २४. समजा, त्यांच्या वरच्या आकड्यांची बेरीज ३३१२ आली, तर भागिले २४ म्हणजे १३८. खालच्यांची १९६८ आली तर ८२. तुमचं घरचं बीपी १३८/८२. यातला एखादा आकडा १५६ असेल, एखादा १२४, त्याने काही बिघडत नाही. न आवडलेला आकडा मात्र गाळू नका, नाहीतर हिशेबाला अर्थ राहत नाही.

दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५. दोन्हीपैकी एक आकडा जरी सातत्याने रेघेच्या वर असला तरी त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. त्यामुळे वरचं १३८/८२ हे उदाहरण ‘वाढलेलं’मध्येच बसतं. काही देशांतले डॉक्टर ही रेघ आणखी खाली, १३०/८० ला धरतात. औषध चालू असताना तुमचं लक्ष्य किती असावं ते डॉक्टरांकडून आकड्यातच विचारून घ्या.

सुरुवातीला एकदा दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्या बाजूला जास्त येतं तोच हात पुढे कायम ठेवा. फरक पुन्हा पुन्हा १५ च्या वर निघाला तर डॉक्टरांना सांगा, एका हाताकडे जाणारी धमनी अरुंद झालेली असू शकते. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तरी सांगा. हृदयाची लय बिघडलेली असली की ठोक्याठोक्याला रक्त कमीजास्त सुटतं आणि आकडे त्यामुळेही उड्या मारतात. त्यासाठी ईसीजी लागतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. खालचं नॉर्मल, वरचंच जास्त. साठीकडे झुकलेल्या वयात हाच उच्च रक्तदाबाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, आणि तो खराखुरा उच्च रक्तदाबच आहे. महाधमनीतले ताणले जाणारे तंतू आयुष्यभरात कोट्यवधी वेळा ताणून विरतात आणि त्यांची जागा ताठ तंतू घेतात. ताठ झालेली महाधमनी ७० मिलिलिटर रक्ताला पूर्वीसारखी सामावून घेत नाही, त्यामुळे दाब एकदम वर जातो. ती फुगलीच कमी, म्हणून मागाहून रेटाही कमी देते, आणि खालचा आकडा जागेवर राहतो किंवा उतरतोसुद्धा. त्यात मघाची ती लाट. ती पुढे जाऊन फांद्यांवर आपटून मागे फिरते. लवचीक धमनीत ती सावकाश फिरते आणि हृदय सैल पडल्यावर परत पोचते, तेव्हा तिचा उपयोगच होतो. ताठ धमनीत ती इतक्या वेगाने येते की हृदय अजून रक्त ढकलत असतानाच समोरून येऊन धडकते आणि वरचा आकडा आणखी चढवते.

दोन आकड्यांमधलं अंतर बघा. १५८ वजा ८४, म्हणजे ७४. तरुण लवचीक धमन्यांत हे ४० च्या आसपास असतं. ६० च्या वर राहू लागलं की धमन्या ताठरल्याचा तो इशारा समजतात. हृदयाला याचा दुहेरी भार पडतो. रक्त ढकलताना त्याला वरच्या आकड्याशी झगडावं लागतं, तर डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः मिळतं ते तो सैल असताना, म्हणजे खालच्या आकड्याच्या जोरावर. कष्ट वाढलेले आणि शिधा तेवढाच. म्हणून खालचा आकडा ‘नॉर्मल’ असल्याचं समाधान मानू नका.

रक्त जाड होण्याबद्दल. जाड रक्ताने अडथळा वाढतो हे तत्त्व म्हणून खरं आहे, आणि तांबड्या पेशी फार वाढण्याचे काही आजार आहेत त्यांत बीपी वाढतंही. ते साध्या रक्ततपासणीत, हिमोग्लोबिन आणि पेशींच्या प्रमाणावरून, कळतं. पण बहुतेकांचं बीपी वाढतं ते नळ्या आवळल्याने आणि ताठरल्याने. ज्यांना लोक ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणतात, त्या रक्त पातळ करतच नाहीत. त्या गुठळी होण्याची क्रिया मंद करतात. त्यांनी बीपी एका आकड्यानेही उतरत नाही. उलट बीपी चढलेलं असताना त्या घेतल्या तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिनसुद्धा स्वतःहून सुरू करू नका. हे कळकळीने सांगतेय, कारण ‘एक छोटी गोळी, काय होतंय’ असं म्हणून ती फार सहज घेतली जाते.

आणि ती सूज. अम्लोडिपिन धमनिका सैल करतं, पण केशवाहिन्यांच्या पलीकडच्या बारीक शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. येण्याची वाट रुंद, जाण्याची पूर्वीइतकीच; मग केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. ते पायातच का, तर निश्चल उभं असताना घोट्यातल्या शिरांवर हृदयापर्यंतच्या रक्तस्तंभाचं वजन असतं, पाऱ्याच्या भाषेत (बीपीचे आकडेही याच मापात असतात) सुमारे ९० मिलिमीटर. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर चढवतात, शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत, आणि हा दाब २५-३० पर्यंत उतरतो. म्हणून ही सूज दोन्ही पायांवर सारखी, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी असते. बोटाने दाबलं की खळगा राहतो. ती अंगात पाणी साठल्याने आलेली नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी हटत नाही. डॉक्टर डोस अर्धा करू शकतात, किंवा जोडीला टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या गटातलं औषध देऊ शकतात. ही औषधं शिरांची बाजूही सैल करतात, त्यामुळे बीपी आणखी उतरतं आणि सूजही कमी होते. दिवसातून दोन-तीनदा पाय वर घेऊन बसणं आणि एका जागी फार वेळ उभं न राहणं यानेही बराच फरक पडतो. सूज एकाच पायावर, दुखरी, लालसर असेल किंवा सुजेबरोबर आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर मात्र ते औषधाचं समजू नका, त्याच दिवशी दाखवा.

त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला, हे विचारणं स्वाभाविक आहे. १६० च्या बीपीने बहुतेकांचं डोकं दुखत नाही. नुकसान होत असतं ते न दुखणाऱ्या जागी. जास्त दाबाशी झुंजून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. धमन्यांचं आतलं नाजूक अस्तर खरवडल्यासारखं होऊन तिथे चरबी साठू लागते. किडनीतल्या गाळण्यांतून प्रथिन लघवीत उतरतं. हे बघता येतं. लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, एवढं करून घ्या. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट डोळ्यांनी दिसतात त्या या पडद्यावरच. या तपासण्या आल्या की तुमच्या बाबतीत किती घाई आहे ते स्पष्ट होईल.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, सपाट चहाचा चमचा, आणि त्यात तयार पदार्थांत आधीच घातलेलं मीठही धरा. किडनी जास्तीचं मीठ बाहेर टाकू शकली नाही तर त्यासोबत पाणी राखते, आणि पंपात जास्त रक्त येतं. पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ चांगलं, पण किडनी कमजोर असेल किंवा वर लिहिलेल्या गटातलं औषध चालू झालं तर विचारल्याशिवाय नको. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भराभर चाला. आणि औषधांचा डबा तपासा : आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, सर्दीत नाक मोकळं करणारी औषधं, बरेच दिवस घेतलेलं ज्येष्ठमध, ही सगळी बीपी चढवतात. गुडघ्यांसाठी असं काही घेत असाल तर ते न चुकता सांगा.

कधी मशीनवर १८०/१२० किंवा त्याहून जास्त दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, दम, एक हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अचानक नजर धूसर होणं, यातलं काहीही सोबत असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न बघता थेट रुग्णालयात जा. त्रास काही नाही, पण आकडा तेवढाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घाबरून जादा गोळी मात्र घेऊ नका. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चढलेल्या दाबाची सवय झालेली असते, तो झटकन खाली ओढला तर मेंदूलाच रक्त कमी पडतं. पुढे कधी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन चालू झालं तर ते एकाएकी बंद करू नका. अम्लोडिपिन जसं हळू ओसरतं तसं त्यांचं नाही, बीपी आणि ठोके उसळी घेतात.

डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या : २४ आकड्यांचा कागद तारीख-वेळेसह, दंडाचा घेर, घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, सूज केव्हा सुरू झाली आणि केव्हा ओसरली त्याची नोंद, आणि तुमचं मशीन पट्ट्यासकट. तिथे त्याच हातावर आधी त्यांच्या आणि मग तुमच्या मशीनने, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, आलटून पालटून मोजून बघायला सांगा. फरक ५ च्या आत राहिला तर तुमच्या घरच्या आकड्यांवर तुम्ही आणि ते दोघंही भरवसा ठेवू शकता. मोठा पट्टा अजून आला नसेल तर त्यासाठी सात दिवसांची मोजणी हवी तर पुढे ढकला, डॉक्टरांना करायचा फोन नको.